चिमाबाईचा हेल

लग्न होऊन आलेल्या बाईला तिच्या माहेरच्या बोलण्यावरून चिडवू नये, असं काही कुठल्या कायद्यात लिहिलेलं नाही. लोणीच्या बायांनी याचा पुरेपूर फायदा घेतला. चिमाबाई तिथं नांदायला आली त्या दिवसापासून त्यांनी तिला चिडवायला घेतलं, ते तिची लेक कॉलेजात जायला लागली तरी त्यांचं मन भरलं नाही.

चिमाबाईचं माहेर जुन्नरच्या वरच्या अंगाला आणि लोणी आंबेगावच्या पार पूर्वेला. बाहेरच्या माणसाला दोन्हीकडचं बोलणं सारखंच वाटेल, कारण इकडंही ‘व्हतं’ आणि तिकडंही ‘व्हतं’. पण गावच्या बायांचे कान लई तिखट असतात. चिमाबाई वाक्याच्या शेवटी आवाज वर न्यायची, तिथं जरा झुलवायची आणि मग हळूच खाली सोडायची. ‘दळण घेऊन आले व्हतेऽ मी,’ एवढंच म्हणाली तरी गिरणीतल्या बाया तोंडाला पदर लावायच्या. एखादी मागून तसाच हेल काढून दाखवायची. चिमाबाई रागावली असती तर बायांना आणखी मजा आली असती, पण ती रागवायचीच नाही. उलट पुढचं वाक्य आणखी लांबवून म्हणायची आणि स्वतःच खदखदून हसायची.

तिची लेक चंद्रकला. पोरीनं बोलणं उचललं ते आईचं. बापाकडून उचलण्यासारखं काही नव्हतंच, कारण कुंडलिकराव दिवसभरात जे बोलायचे ते बहुतेक बैलांशी. थोरला भाऊ गोरख गावाच्या पोरांत वाढला, तो लोणीचं बोलायला लागला. चंद्रकला मात्र आईच्या मागं मागं फिरली आणि आईचा तो हेल तिच्या जिभेवर बसला. मंचरच्या कॉलेजात बी.कॉम. झाली तोवर तिला आपण काही वेगळं बोलतो याचा पत्ताही नव्हता.

पत्ता लागला पुण्यात. मंचरच्या एका प्राध्यापकांनी सांगितलं होतं की चाकणला जर्मन कंपन्या येतायत, जर्मन बोलणारी माणसं त्यांना हवीयत, डोकं आहे तर शीक. चिमाबाईनं हे ऐकलं आणि लेकीला पुण्याला धाडायचं म्हणून घर डोक्यावर घेतलं. गोरख म्हणाला, ‘‘आधी मराठी तरी धड बोल म्हनावं.’’ चिमाबाईनं त्याला असं झापलं की तो पुढं या विषयात पडलाच नाही. चंद्रकला कर्वे रस्त्याच्या मागं मुलींच्या वसतिगृहात राहायला गेली. तिथं पहिल्याच संध्याकाळी ती म्हणाली, ‘‘आमच्याकडं पानी आलं न्हाई व्हतं.’’ त्यावर खोलीतल्या एका पोरीनं तिला ते वाक्य पुन्हा म्हणायला लावलं. मग तिसऱ्यांदा, शेजारच्या खोलीतल्या मैत्रिणींना बोलावून. अशा पोरींना काय म्हणावं? पुढं याच पोरी तिच्याकडून जर्मनचा गृहपाठ करून घ्यायच्या, तेव्हा त्यांना तिच्या बोलण्याचं हसू यायचं नाही.

जर्मन शिकवायच्या त्या फ्राउ झेलर. फ्राउ म्हणजे बाई, एवढं चंद्रकलाला पहिल्या दिवशी कळलं. त्यांचा नवरा चाकणच्या एका कारखान्यात इंजिनियर होता आणि त्या एरंडवण्यातल्या आपल्या फ्लॅटवर मोजक्या मुलींना शिकवायच्या. उंच, हाडापेरानं मजबूत बाई. बोलणं स्वच्छ, प्रत्येक शब्द वेगळा. मराठी अक्षरही येत नव्हतं, मोडक्या इंग्रजीवर सुरुवात झाली आणि थोड्याच महिन्यांत त्यांनी इंग्रजीही बंद केलं. चुकलं की रागवायच्या नाहीत, पण सोडायच्याही नाहीत.

चंद्रकलाचं व्याकरण पक्कं होतं, शब्द पाठ होते. अडत होतं ते हेलावर. तिचं जर्मन वाक्यही शेवटी वर जायचं, झुलायचं आणि हळूच खाली यायचं. फ्राउ झेलर मग आपला तळहात हवेत आडवा धरायच्या आणि चंद्रकलाचा आवाज चढायला लागला की तो तळहात सावकाश खाली दाबायच्या. खाली, खाली, सपाट. ‘‘परीक्षेत एकच जर्मन चालतं,’’ त्या म्हणायच्या. ‘‘पुस्तकातलं. बाकी सगळं घरी ठेवायचं.’’

‘‘तुमच्या गावात असंच बोलतात?’’ चंद्रकलानं एकदा विचारलं.

फ्राउ झेलर हसल्या. त्यांचं गाव जर्मनीच्या दक्षिणेला, श्वाबेन नावाच्या मुलखात. ‘‘माझ्या गावात मी असं बोलले तर माझी आईच मला हाकलून देईल,’’ त्या म्हणाल्या. पण गावचं बोलून दाखवा म्हटल्यावर त्यांनी मान हलवली आणि पुस्तकाचं पान उलटलं.

त्या दिवाळीला चंद्रकला घरी आली आणि चिमाबाईनं तिला पहिल्याच दिवशी गिरणीत नेलं. दळण निमित्ताला होतं. ‘‘बोल गं, ती तुझी जर्मनी बोल,’’ चिमाबाई म्हणाली. बाया गोळा झाल्या. चंद्रकलाला लाज वाटत होती, पण आई ऐकेना. शेवटी तिनं एक वाक्य म्हटलं: ‘‘इश कोमं आउस लोणीऽ.’’ मी लोणीची आहे, एवढाच त्याचा अर्थ.

बायांनी एकमेकींकडं पाहिलं. मग कुशाबाई, म्हणजे कुंडलिकरावांची बहीण, चंद्रकलाची आत्या, गावातच दिलेली, ती गुडघ्यावर थाप मारून ओरडली, ‘‘अगं बया! ही तर आपली चिमावयनीच बोलती!’’

मग काय, गिरणी डोक्यावर घेतली बायांनी. जर्मनी भाषा जुन्नरकडची निघाली म्हणून हसून हसून एकेकीच्या डोळ्यांत पाणी. चिमाबाई सगळ्यांत जास्त हसली. तिनं लेकीकडून सकाळच्या रामरामाचे दोन शब्द शिकून घेतले, ‘गुटन मॉर्गन’, आणि त्या दिवसापासून ती ते सकाळी, दुपारी, दिवस मावळताना, वाटेल तेव्हा म्हणायला लागली. चंद्रकलानं समजावलं की आई, ते फक्त सकाळचं असतं. चिमाबाई म्हणाली, मला एवढंच येतंय, मंग मी काय सकाळपुरतीच तुझ्याशी बोलू व्हय?

आणि त्याच दिवशी गिरणीतून परतताना, डोक्यावर पिठाचा डबा घेऊन चालता चालता, ती सहज बोलून गेली, ‘‘पर एक सांगते कले. मी मेल्यावर त्या जर्मनीत रडू नको बाई. मला काय कळायचं न्हाई.’’

‘‘काय बी बोलतेस आई,’’ चंद्रकला म्हणाली आणि दोघी हसल्या.

पुढच्या वर्षभरात फ्राउ झेलरांच्या तळहातानं आपलं काम चोख केलं. चंद्रकला रात्रंदिवस वाक्यं सपाट करत होती. आता सवयीचं असं आहे की ती एका भाषेपुरती राहत नाही. जर्मन सरळ झालं तसं मराठीही सरळ झालं. ‘व्हतं’ गेलं, ‘होतं’ आलं. ‘लई’ गेलं, ‘खूप’ आलं. वसतिगृहातल्या पोरी हसायच्या थांबल्या. फोनवर चिमाबाई गप्प ऐकायची आणि मग म्हणायची, ‘‘तुझं बोलनं इस्तरी केल्यावानी झालंय गं.’’ तक्रार नसायची त्यात. कौतुकच असायचं. थोडं काहीतरी दुसरंही असायचं, पण चंद्रकलाला परीक्षेचा अभ्यास होता.

कांदे काढणीच्या दिवसांत, फेब्रुवारीत, चिमाबाई वावरातच गेली. छातीत कळ आली म्हणाली, बांधावर बसली आणि उठलीच नाही. गोरखनं वसतिगृहात फोन केला. तो फक्त ‘ये’ एवढंच म्हणाला आणि चंद्रकलाला सगळं कळलं.

ती एसटीनं मंचरला आली, तिथून जीपनं लोणीला. जीपमधल्या माणसांना ठाऊक होतं. त्यांनी तिला खिडकीची जागा दिली. चंद्रकला बाहेर बघत होती. ऊस, मका, कांद्याच्या पाती, रस्त्याच्या कडेची दगडं. तिला काहीही वाटत नव्हतं. आत्ता वाटेल, गाव दिसलं की वाटेल, असं ती स्वतःला सांगत होती.

आपल्याकडची रीत सांगायला हवी. लेक बाहेरगावाहून मयतीला येते तेव्हा ती मुक्यानं येत नाही. गावाची वेस दिसली की तिथूनच ती हंबरडा फोडते आणि रडत रडत, आईला हाका मारत, घरापर्यंत येते. नुसतं रडणं नाही ते, त्यात शब्द असतात. आईनं काय केलं, काय राहिलं, आता माहेरी कोणासाठी यायचं, हे सगळं ती हेल काढून सांगत येते. घरच्या बाया कान देऊन बसलेल्या असतात. लांबून आवाज आला की म्हणतात, आली गं लेक, आणि मग सगळ्याच मोठ्यानं सुरू होतात. लेक दारात येते, एकेकीच्या गळ्यात पडते. हे कोणी शिकवत नाही. पोरी लहानपणापासून ऐकतात आणि वेळ आली की त्यांना येतं.

चिमाबाईची मयत लेकीसाठी थांबवली होती. बाया ओट्यावर कान देऊन बसल्या होत्या.

चंद्रकला वेशीपाशी उतरली. तिनं तोंड उघडलं. आणि तोंडात जे वाक्य तयार होऊन आलं ते होतं, ‘आई, तू मला सोडून कुठे गेलीस?’ शुद्ध, सरळ, सपाट. प्रश्नचिन्हासकट. ते ओढून लांबवता येईना. त्याचा हेल होईना. ते तसंच्या तसं म्हणावं तर नाटकातलं वाटलं असतं. ती तिथं उभी राहिली, पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा तेच वाक्य आलं. मग तिनं तोंड मिटलं आणि चालत घरी आली.

ओट्यावरच्या बायांना ती आलेली कळलीसुद्धा नाही. समोर उभी राहिली तेव्हा त्यांनी पाहिलं.

‘‘रड की गं,’’ कुशाबाई तिला मिठी मारून कानात म्हणाली. ‘‘रड. मोकळी हो. वाट बघत व्हती ती तुझी.’’

चंद्रकलानं आईकडं पाहिलं. आईच्या नाकात कापूस होता, कपाळभर कुंकू होतं. सवाष्ण गेली होती. गोरखनं आईच्या तोंडात पाणी घालायला तिच्या हातात भांडं दिलं. तिनं पाणी घातलं. तिला दिसत होतं, कळत होतं, आणि आत काहीही हलत नव्हतं. तिला स्वतःचीच भीती वाटली. पण ती भीतीसुद्धा लांबूनच वाटली.

शेवटी कुशाबाईनंच लेकीच्या वाटचं रडून घेतलं. ‘‘माज्या वयनी गंऽऽ, गिरनीत आता कुनाला हसू गंऽऽ,’’ असं तिनं काढलं आणि ओटा भरून गेला. मयत उचलली तेव्हा पुरुषांची तोंडं ओली होती. चंद्रकला खांबाला धरून उभी होती.

गाव बोलल्याशिवाय कसं राहील? डोळ्यात टिपूस न्हाई, म्हणाले. जर्मनी शिकून दगड झाली पोरगी, म्हणाले. शहरात अशीच असत्यात, म्हणाले. ज्या आईनं भांडून शिकवलं तिच्यासाठी हिला रडताही येईना. हे सगळं चंद्रकलाच्या कानावर येत होतं आणि तिला त्यात खोटं काही सापडत नव्हतं. दहाव्यापर्यंत रोज कोणी ना कोणी बाई लांबच्या गावाहून यायची, वेशीपासून रडत यायची आणि तिच्या गळ्यात पडायची. ही खुंटासारखी उभी. बाईचं रडणं हिच्या खांद्यावर ओघळून संपून जायचं.

बाप काही बोलला नाही. फक्त तेराव्याच्या संध्याकाळी गोठ्यापाशी बसून कुंडलिकराव म्हणाले, ‘‘तिला लई व्हतं गं, आपली लेक आपल्या नावानं कशी रडंल ते.’’ रागानं नाही म्हणाले. बैलाच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाले. चंद्रकलाला वाटलं, त्यापेक्षा त्यांनी चार शिव्या द्यायला हव्या होत्या.

निघायच्या दिवशी कुशाबाई तिला जीपपर्यंत सोडायला आली.

‘‘आत्या, मला का नाही येत?’’ चंद्रकलानं विचारलं.

कुशाबाईनं पदरानं तोंड पुसलं. ‘‘तुला सांगू का? ह्या समद्या बाया आल्या, त्या काय चिमावयनीसाठीच रडल्या व्हय? पारगावची ती म्हातारी, ती वयनीला नीट वळखत बी नव्हती. तिचा पोरगा गेला मागच्या साली. तवा तिला बी रडू आलं न्हाई म्हनं. हितं येऊन रडली. ज्याचं-त्याचं आत असतंय. दुसरीच्या गळ्यात पडलं की आपलं निघतं.’’

‘‘आणि नाहीच निघालं तर?’’

‘‘निघंल,’’ कुशाबाई म्हणाली. ‘‘कवा, कुठं, ते काय माज्या हातात न्हाई.’’

उन्हाळ्यात परीक्षा झाली. तोंडी परीक्षेत आपल्या घरच्यांविषयी बोला असं सांगितलं होतं. चंद्रकला बोलली. वडील शेतकरी, भावाचा भाजीचा टेम्पो, आणि मग ‘माइनं मुटर इस्ट गेश्टॉर्बन’. माझी आई वारली. आई गेल्यापासून हे वाक्य तिनं तोंडानं पहिल्यांदा उच्चारलं, आणि ते जर्मनमध्ये. एकही चूक नव्हती. परीक्षकांनी हळहळून मान हलवली आणि पुढचा प्रश्न विचारला. तिला वरचे गुण मिळाले.

‘‘आता तू कुठून आलीस ते तुझ्या बोलण्यावरून कोणालाही ओळखता येणार नाही,’’ फ्राउ झेलर अभिमानानं म्हणाल्या. त्यांच्या दृष्टीनं याहून मोठं कौतुक नव्हतं. चंद्रकलानं ‘डांके’ म्हणून आभार मानले. त्या रात्री तिला आईचा आवाज आठवेना. चेहरा आठवत होता, पिठाचा डबा आठवत होता, आवाज काही केल्या येत नव्हता. ती कुशीवर वळली आणि झोपली.

चाकणच्या एका कंपनीत दुभाष्याची नोकरी लागली. काम बरं होतं. जर्मन साहेब काय म्हणतो ते मराठीत सांगायचं, कामगार काय म्हणतात ते जर्मनमध्ये सांगायचं. कामगारांत खेड-मंचरची पोरं होती. ती तिला ‘मॅडम’ म्हणायची आणि आपसांत म्हणायची, पुण्याची दिसते. ती काही सांगायला गेली नाही. महिने जात होते, ती जेवत होती, झोपत होती, कामावर जात होती. लोणीला गेली की बापासाठी भाकरी करायची आणि परत यायची. गिरणीत ती पुन्हा गेली नाही. दळण गोरखची बायको आणायची.

वरच्या परीक्षेसाठी म्हणून रविवारी ती फ्राउ झेलरांकडे जायची. थंडी पडायला लागली होती तेव्हाची गोष्ट. नेहमीच्या वेळी ती जिना चढून गेली तर दार नुसतं लोटलेलं आणि आत बाई फोनवर मोठ्यानं बोलत होत्या.

चंद्रकला दारातच थांबली. तिला पहिल्यांदा वाटलं, आत कोणी दुसरीच बाई आहे. आवाज फ्राउ झेलरांचाच होता, भाषेचं मात्र तिला एक अक्षर कळेना. एवढे वरचे गुण, चाकणची दुभाषी, आणि एक वाक्य हाती लागेना. शब्द एकमेकांत शिरत होते, शेवटची अक्षरं गळून जात होती. आणि वाक्याच्या शेवटी बाईंचा आवाज वर जात होता, तिथं जरा झुलत होता आणि मग हळूच खाली येत होता. एक शब्द मात्र पुन्हा पुन्हा येत होता. मुआदर. मुआदर. तेवढा तिला कळला, पुस्तकातला ‘मुटर’, म्हणजे आई.

फोन ठेवून बाई वळल्या. चंद्रकलाला पाहून त्यांनी पाठ सरळ केली, केस नीट केले आणि म्हणाल्या, स्वच्छ, प्रत्येक शब्द वेगळा, ‘‘ये चंद्रा. फोनवर माझा भाऊ होता. माइनं मुटर इस्ट गेश्टॉर्बन. उद्याचं विमान आहे. आज आपण धडा करू. मागच्या वेळी कुठं थांबलो होतो?’’

अशा वेळी काय म्हणायचं ते पुस्तकात दिलेलं होतं आणि चंद्रकलाला ते पाठ होतं. तिनं ते म्हटलं. उच्चार बिनचूक होता. बाईंनी आभार मानले. त्यांचंही बिनचूक होतं. त्यांनी कॉफी केली, दोघी टेबलाशी समोरासमोर बसल्या, पुस्तक उघडलं. बाईंनी पहिलं वाक्य वाचलं. आवाज जराही हलला नाही. नवरा कुठं कामाला गेला होता, घरात दुसरं कोणी नव्हतं. चंद्रकला त्यांच्याकडं बघत होती. ओट्यावरच्या बायांना खांबाशी उभी असलेली चंद्रकला कशी दिसली असेल, ते तिला आत्ता दिसलं.

मयतीच्या घरात असं टेबलाशी बसून पुस्तक वाचतात का? कोणी वाचत असतील. लोणीत वाचत नाहीत. दारात आलेल्या बाईनं गळ्यात पडायचं असतं, मग ती ओळखीची असो नसो. आपण आलो आणि खुर्चीत बसलो, याची चंद्रकलाला लाज वाटली. ती उठली. टेबलाला वळसा घालून बाईंच्या मागं गेली आणि त्यांच्या खांद्याला हात लावला. ताठ, कडक खांदा होता. बाईंनी वाचन थांबवलं. मग स्वतःशीच, पुस्तकाच्या पानाकडं बघत, त्या हळू म्हणाल्या, ‘‘मुआदर...’’ आणि त्यांचा तो शब्द शेवटी वर गेला.

चंद्रकला वाकून त्यांच्या गळ्यात पडली. पडली फक्त रीत म्हणून. आणि तिचं तोंड उघडलं.

‘‘माज्या आई गंऽऽऽ...’’

हा आवाज कुणाचा, हे तिला एक क्षण कळेना. तो चिमाबाईचा होता.

‘‘माज्या आई गंऽऽ, मी आले व्हते गं येशीपाशीऽऽ, तुला हाक न्हाई गं मारलीऽऽ... समद्या गावानं वाट बघितली गं माज्या बायेऽऽ... बोल बोल म्हनायचीस गं गिरनीतऽऽ, आता बोलते तर कुठं गं गेलीसऽऽ... दिस मावळताना मला गुटन मॉर्गन कोन म्हनंल गं आईऽऽ... तुजं बोलनं मी टाकून दिलं गंऽऽ, माजी जीभ मीच दाबली गंऽऽ... एकदा हस गंऽ, एकदा हस गं माज्यावरऽऽऽ...’’

फ्राउ झेलर घाबरल्या. त्यांनी हात वर केला, तळहात आडवा झाला, चंद्रकलानं तो डोळ्यांतल्या पाण्यातून पाहिला. आवाज चढतच होता. तो तळहात हवेत थोडा वेळ तसाच राहिला आणि मग खाली आला, चंद्रकलाच्या पाठीवर. बाईंचा खांदा हलायला लागला. मग त्याही सुरू झाल्या, आपल्या त्या गावच्या भाषेत, न कळणाऱ्या, मोठमोठ्यानं. दोघींना एकमेकींचं काही कळत नव्हतं आणि कुणी थांबत नव्हतं. दारावरची घंटा वाजली. खालच्या मजल्यावरच्या पुणेकर बाई होत्या, दार उघडंच होतं म्हणून आत डोकावल्या.

‘‘अहो, काय झालं? कोणी पडलं का?’’

‘‘आई गेली वो,’’ चंद्रकला म्हणाली.

‘‘कोणाची?’’

चंद्रकला पुन्हा बाईंच्या गळ्यात पडली. खालच्या बाई जरा उभ्या राहिल्या, मग त्यांनी कॉफीचे कप उचलून आत नेऊन ठेवले आणि दार ओढून घेऊन गेल्या.

दुपारी रस्त्यावरच्या एसटीडी बूथमधून चंद्रकलानं कुशाबाईच्या घरी फोन लावला. घसा पार बसला होता.

‘‘आत्या, निघालं.’’

पलीकडं कुशाबाई म्हणाली, ‘‘कुनाच्या गळ्यात पडलीस?’’

‘‘आमच्या बाईंच्या. त्यांची आई गेली.’’

‘‘कुठल्या गं त्या?’’

‘‘जर्मनीच्या.’’

‘‘आगं बया,’’ कुशाबाई म्हणाली. मग तिचा आवाज घाबरा झाला. ‘‘आन रडलीस कशात तू? त्या जर्मनीत न्हाई ना रडलीस?’’

‘‘न्हाई आत्या. आपल्यात रडले.’’

‘‘नीट? मोठ्यानं?’’

‘‘लई मोठ्यानं. खालच्या बाई वर आल्या व्हत्याऽ.’’

कुशाबाईनं फोनवरच नाक ओढलं.

‘‘मंग ऐकलं आसंल वयनीनं,’’ ती म्हणाली. ‘‘मी आत्ता जाते आन दादाला सांगते. तू जेवलीस का काय?’’